सासऱ्याच्या नावावरचा पैसा

मोटारसायकल मोहदरा तांड्याच्या उतारावर आली तेव्हा इंद्रजीतने वेग कमी केला आणि मान न वळवताच म्हणाला, "आज तू मधात बोलू नको. याडी रडन, अंजू तर सकायपासूनच येऊन बसली असन. तू चहापानी पाय, बाकी मी पायतो."

"मी कदी बोलली मधात?" उज्ज्वला म्हणाली.

खरंच होतं ते. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तरी सासऱ्यासमोर तिने डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. दोन वाक्यं बोलायची झाली तरी ती सासूच्या, इंद्रजीतच्या याडीच्या, कानात बोलायची आणि सासू ती पुढे सांगायची. नेरला चार खोल्यांच्या नव्या घरात ती राहत होती, नवरा शाळेत मास्तर होता, तालुक्यात त्याला सगळे सर म्हणत. पण तांड्यात पाऊल टाकलं की ती रामधनची थोरली सून, एवढीच.

एरवी त्यांची गाडी दिसली की चारसहा जण 'राम राम सर' म्हणत पुढे यायचे. आज हातपंपावरच्या बायकांनी मान वर केली नाही. एकीने भरलेली घागर उचलली आणि त्यांच्याकडे पाठ करून चालू लागली.

सगळं बुडाल्याला अकरा दिवस झाले होते. नवधन नावाचं ते नाणं कोणी कधी हातात घेतलेलं नव्हतं. ते मोबाइलमध्येच होतं आणि रोज सकाळी त्याचा आकडा थोडा चढलेला दिसायचा. उज्ज्वलाच्या धाकट्या दिराने, प्रेमने, आधी स्वतःचे पैसे घातले. मग आईच्या अंगावरची चांदी मोडून घातले. मग त्याच्या शब्दावर तांड्यातल्या चौदा घरांनी घातले, कोणी सोयाबीनचे, कोणी बचतगटाचे. दिवाळीच्या आठवडाभर आधी पैसे काढायचं बटण दाबलं की 'थोड्या वेळाने प्रयत्न करा' असं यायला लागलं. दिवाळी सरली आणि काहीच उघडेना. नागपूरच्या हॉटेलात ज्या नवधनवाल्यांनी प्रेमच्या गळ्यात हार घातला होता त्यांचे फोन बंद झाले. आता पोलिसांकडे दोन कागद होते. एकात प्रेम तक्रारदार होता, दुसऱ्यात आरोपी. त्याची बायको लेकराला घेऊन माहेरी गेली होती. आणि उद्या, रविवारी सकाळी, तांड्याचा कारभार बघणाऱ्या लखन नायकाने सगळ्यांसमोर बैठक बोलावली होती.

त्याच्या आत घरातलं घरात ठरवायचं म्हणून ही शनिवारची दुपार.

ओसरीवर रामधन खाटेवर बसला होता. त्याच्या मागे खोलीत वेचलेला कापूस छातीपर्यंत रचलेला, दार अर्धं त्यानेच बुजलेलं. नणंद अंजू भिंतीला टेकून बसली होती. प्रेम उंबऱ्याजवळ होता, पायरीवर नाही आणि आतही नाही. चौतीस वर्षांचा माणूस, पण अकरा दिवसांत दाढीत पांढरं दिसायला लागलं होतं. सासू बसंतीबाई चुलीपाशी होती. तिचे हात आणि गळा इतके मोकळे बघायची उज्ज्वलाला अजून सवय झाली नव्हती. साठ वर्षं चांदी वागवून दंडावर जे वळ पडले होते, ते तेवढे राहिले होते.

"बस," रामधन थोरल्याला म्हणाला. "सांग तुह्या भावाले. मले तर त्याचं काई समजतच नाई. माह्या आजानं बैलाच्या पाठीवर मीठ वाह्यलं. मीठ देल्लं, जवारी घेतली. समोरच्याले भरवसा नसला तर थो चिमूटभर जिभेवर ठेवून पाये. आन् ह्यानं घरची चांदी देऊन काय आनलं? काचेवरचा आकडा!"

"चांदी मीच देल्ली," बसंतीबाई आतून म्हणाली.

"तुले कोनी इचारलं?"

"नाई इचारलं. तरी सांगतो. त्यानं ओरबाडून नाई नेली. मीच काढून देल्ली."

रामधनने तिच्याकडे पाहिलंही नाही. प्रेम खालमानेने म्हणाला, "बापू, नोट तरी काय असते? कागदच असते. एका राती पाचशेची नोट रद्दी झाली तवा तुमीच तीन दिवस नेरच्या बँकेपुढं उभे होते."

"उभे होते ना?" इंद्रजीतने शब्द पकडला. "बँक होती मनून उभे होते. रांग होती, आत मानूस होता. तुह्या नवधनची रांग कुठी लागते ते सांग. मी जातो, उभा राह्यतो."

अंजू हसली. कडू हसणं होतं ते, कारण तिचेही दोन लाख त्यात होते, नवऱ्याला न सांगता घातलेले.

"नवधन खोटं निंगालं. मी फसलो," प्रेम म्हणाला. "मी कदी नाई म्हटलं? पन सगळंच खोटं नसते, भिया. बिटकॉइनले कोनी मालक नाई. ते कोनी नागपूरच्या हॉटेलात बसून बंद करू शकत नाई. दुनियाभर चालते."

"कुठी चालते? नेरच्या बजारात एक किलो वांगे आनून दाखव त्याचे. सरकार त्याले पैसा मानत नाई."

"मंग तीस टक्के टॅक्स कायले घेते?"

"लॉटरीच्या बक्षिसावर बी तीस टक्केच घेते. मनून लॉटरीचं तिकीट नोट होते काय?" इंद्रजीतचा आवाज वर्गातला झाला. "आज एकानं घेतलं, उद्या दुसरा येडा जास्तीत घेईन, एवढ्या भरवशावर थे उभं हाय. फुगा हाय फुगा. तुह्या हातात लवकर फुटला, त्याहिच्या हातात उशिरा फुटन. एवढाच फरक."

"तुमी बी घेतलं होतं," प्रेम म्हणाला. "लॉकडाउनमधी. शाळा बंद होती, तुमी इथंच होते. माह्याच मोबाइलवर शिकले."

चुलीवरचं आधण उकळलं होतं. उज्ज्वलाने साखर टाकायला घेतलेली मूठ तशीच राहिली.

"घेतलं होतं," इंद्रजीत शांतपणे म्हणाला. "आठ दिवसांत इकून मोकळा झालो. मले अक्कल होती."

बसंतीबाईने सुनेच्या हातून साखर घेतली आणि स्वतःच टाकली.

उज्ज्वलाला आठवत होतं ते आठ दिवसांचं नव्हतं. पाच वर्षांचं होतं. तीन लाख रुपये, भविष्य निर्वाह निधीतून उचललेले. मग रोज पहाटे दात घासायच्या आधी मोबाइल बघणारा नवरा. एकदा त्याचे पंचवीस लाख झाले तेव्हा त्याने पेढे आणले होते आणि कशाचे ते लेकरांनाही सांगितलं नव्हतं. मग ते घसरत घसरत आठावर आले.

नेमक्या त्याच दिवसांत तिच्या वडिलांच्या छातीत दुखायला लागलं होतं. हरसिंग म्हणजे पुसदच्या बाजूचा साधा माणूस, दोन एकर कोरडवाहू. सरकारी योजनेत ऑपरेशन होत होतं, पण नंबर लागायला दोन महिने होते. नागपूरला रोख भरले तर त्याच आठवड्यात झालं असतं. तीन लाख. उज्ज्वलाने नवऱ्यापुढे हात जोडले होते.

"आत्ता इकलं तर मातीत जाईन," इंद्रजीत म्हणाला होता. "आत्ता थो पैसा नाईच हाय, समज ना. इकीन तवा होईन पैसा. थांब थोडं."

हरसिंग थांबला नाही. सत्तावीस दिवसांनी गेला.

दोन वर्षांनी भाव पुन्हा चढला. इंद्रजीतने त्यातलं थोडं विकलं आणि नेरला घर बांधलं. मास्तरकीच्या पगारात एवढं घर कसं, असं लोक विचारणार, तेव्हा त्याने सांगायला सुरुवात केली की सासऱ्याने मरण्याआधी शेत विकून लेकीला दिलं. उज्ज्वलाने हे पहिल्यांदा ऐकलं ते वास्तुपूजेच्या दिवशी, वाढपी बायकांच्या तोंडून. बापाने तुला कमी नाही केलं हो, असं त्या म्हणत होत्या. तिचा भाऊ पंगतीत बसला होता. त्याने ताटावरून मान वर करून तिच्याकडे पाहिलं होतं. तेव्हापासून तो तिच्या घरी आला नव्हता.

चहाचे कप घेऊन ती ओसरीवर आली तेव्हा इंद्रजीतने पिशवीतून कागद काढला होता.

"हे हक्कसोडपत्र हाय," तो म्हणाला. "प्रेमच्या वाट्याचे चार एकर थो माह्या नावानं सोडते. आज सह्या करू, सोमवारी नेरले नोंदनी. मनजे उद्या बैठकीत कोनी म्हटलं का प्रेमचं वावर द्या, तर प्रेमच्या नावानं काईच नाई. त्याच्या बदली चौदाही घराले त्याहिचे अर्धे पैसे मी देतो. माह्या खिशातून."

"अर्धेच?" अंजू पुढे सरकली. "आन् माहे?"

"तुह्ये पूरे देतो. बहीन हायेस."

सकाळपासून येऊन बसलेली अंजू त्यानंतर प्रेमकडे बघेनाशी झाली. "भिया बराबर सांगून राह्यला," ती म्हणाली. "निदान घरचं वावर घरात राहीन."

"रुखमाबाईले तरी पूरे द्या," प्रेम म्हणाला. "तिनं शेळ्या इकल्या. पाचही. मले म्हणे, प्रेम, तू म्हनतेस तर टाक."

"मंग तूच दे तिले पूरे," रामधन म्हणाला.

प्रेमने कागद मांडीवर घेतला, वाचला नाही, नुसता हात फिरवला. "द्या पेन," तो म्हणाला.

तेव्हा बसंतीबाई ओसरीवर आली. ती थोरल्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "इंदर, एवढा पैसा तुह्याजवळ आला कुठून? घर बांधूनच तर तू बसला. मले तूच म्हटलं होतं, याडी, आता हातात काई नाई उरलं. तवा मी माह्या डोळ्याचं ऑपरेशन पुढं ढकललं."

इंद्रजीतने चहाचा घोट घेतला. "सासऱ्यानं देल्लं त्यातलं हाय थोडं," तो म्हणाला. "उज्ज्वलाच्या नावानं ठेवलं होतं. ती म्हणे, घरच्याच कामी येऊ द्या."

सगळ्यांनी उज्ज्वलाकडे पाहिलं. रामधनने आयुष्यात पहिल्यांदा तिला हात जोडले. "हरसिंगचे उपकार," तो म्हणाला. "मेल्यावर बी मानूस कामी आला."

उज्ज्वलाने ताटली खाली ठेवली. आपण बोलणार आहोत हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. पदर डोक्यावर होता तसाच होता, फक्त आज तिने सासूच्या कानाकडे तोंड नेलं नाही.

"माह्या बापानं काईच देल्लं नाई," ती म्हणाली.

"उज्ज्वला," इंद्रजीत म्हणाला.

"त्याच्याजवळ द्याले होतंच काय? दोन एकर वावर होतं, थे आजबी माहा भाऊ वाह्यते. जाऊन पाहून या. बापू, नेरचं घर माह्या बापाचं नाई. हे बिटकॉइनचं हाय. यायनं आठ दिवसांत नाई इकलं. पाच वर्सांपासून ठेवून हाये."

"घरी बोलू आपन."

"घरी कवा बोलले तुमी? माहा बाप तिकडं दवाखान्यात उताना पडला होता, मी पाय धरले तुमचे. तवा म्हणे, थो पैसाच नाई. मंग घर बांधाले कसा झाला पैसा? आन् आता भावाचं वावर घ्याले कसा झाला?" तिने प्रेमच्या मांडीवरच्या कागदाकडे बोट केलं. "ज्यानं शिकवलं त्याचंच वावर घेता, आन् नाव माह्या मेल्या बापाचं सांगता. मी एवढे दिवस चूप राह्यली. आता माह्याच्यानं नाई होत."

प्रेम भावाकडे बघत होता. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. तोंड जरासं उघडं होतं आणि तो काहीतरी हिशोब लावत असावा, आपण शिकवलेलं बिटकॉइन भावाने धरून ठेवलं त्याचं काय झालं आणि आपण ते सोडून नवधनकडे गेलो त्याचं काय झालं.

उज्ज्वला वाट बघत होती. सासरा आता उठेल असं तिला वाटलं. मीठ आणि चांदी सांगणारा हा म्हातारा थोरल्याच्या हातातला कागद घेऊन फाडेल, निदान थुंकेल तरी.

रामधनने चहाचा कप खाली ठेवला. मग घसा खाकरून विचारलं, "किती हाय?"

"काय बापू?" इंद्रजीत म्हणाला.

"थेच. आज किती हाय त्याचं?"

इंद्रजीतने एकदा बायकोकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "अठ्ठावीसच्या आसपास. मागच्या महिन्यात तीसच्या वर होतं."

"अठ्ठावीस लाख? घर सोडून?"

"घर सोडून."

"तीन लाखाचे?" अंजू म्हणाली. "बाप्पा!"

रामधन खाटेवर थोडा सरकला आणि हाताने जागा दाखवली. "इथं बस," तो थोरल्याला म्हणाला. इंद्रजीत जाऊन त्याच्या शेजारी बसला. "मंग खोटं नाई म्हना थे. घेनाऱ्याच्या हातावर हाय. ज्याले समजते त्याले फळते." म्हाताऱ्याच्या डोळ्यांत उज्ज्वलाने कधी न पाहिलेलं काहीतरी आलं होतं. "अजून चढन?"

"कोनी सांगू शकत नाई, बापू. पडते बी. यंदाच पडलं."

"पन पडून चढते ना?"

"आतापर्यंत तरी चढलं."

"मंग तांड्याले अर्धे तरी कायले देता?" अंजू म्हणाली. "चढता माल मोडून कोनी देते काय? भिया, माहे दोन लाख नगदी नको देऊ. त्याच्यातच टाक माह्या नावानं."

"पोरगी बराबर बोलली," रामधन म्हणाला. "उद्या नायकाले सांगू, प्रेमजवळ काई नाई, आमच्याजवळबी नाई. पोलिसात केस हाय, थे पायतीन. दोन वर्सानं पाहू देनंघेनं. आन् इंद्रजीत, सडकेच्या दोन एकराले गिऱ्हाईक हाय. माह्या नावानं टाकता येईन काय?"

पंधरा मिनिटांपूर्वी फुगा म्हणणारा इंद्रजीत बापाला नाही म्हणाला नाही. त्याने खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं, आणि उज्ज्वलाच्या लक्षात आलं की त्याला हायसं वाटलंय. एवढी वर्षं त्याने ते लपवलं होतं आणि आज कोणी त्याला चोर म्हटलं नव्हतं. उलट त्याला खाटेवर जागा मिळाली होती.

"बापू," प्रेम म्हणाला, "पन रुखमाबाई..."

"तू सही कर," रामधन म्हणाला. "तुह्या हाताले यश नाई. निदान कागद तरी कर."

प्रेमच्या हातात पेन होतं. तो ते नुसतं धरून राहिला. अंजूने आपला मोबाइल त्याच्या पुढ्यात सरकवला. "आन् सही झाली का मले थे अॅप टाकून दे. खरं वालं. तुले येते ना."

उज्ज्वला आत गेली. तिला बसायला जागा हवी होती आणि खोलीत कापसाशिवाय काही नव्हतं, म्हणून ती कापसातच बसली. थोड्या वेळाने बसंतीबाई आली. सासूने तिच्या खांद्यावर हात ठेवला, किंवा ठेवेल असं वाटलं, पण तो मध्येच थांबला.

"तू खरं बोलली," बसंतीबाई म्हणाली. "पन कायले बोलली, पोरी? सकाळी माह्या घरात एकच जुगारी होता. आन् थो बी रडत होता."

उज्ज्वला उठली, मागच्या दाराने बाहेर पडली. नेरची बस सडकेवरून साडेचारला होती. आपण त्या बसने कुठे जाणार, हे तिने ठरवलं नव्हतं. नवं घर तिच्या बापाच्या नावाने उभं होतं आणि तिथे तिचा भाऊ येत नव्हता.

चारसहा घरं ओलांडल्यावर एक रिकामा गोठा लागला. त्याच्या कुडाला टेकून रुखमाबाई बसली होती. सत्तरीची, एकटी. बहुधा दुपारपासून ती तिथे बसून रामधनच्या घराकडे बघत असावी. उज्ज्वला दिसताच ती कुडाला धरून उठली.

"झालं काय, सूनबाई?" तिने विचारलं. "इंद्रजीत सर आले मनून जीवात जीव आला बाई माह्या. शिकलेला मानूस हाय, थो बराबर करीन. देतीन ना थे? पूरे नाई तर नाई. तीन शेळ्याचे देल्ले तरी मी परत सुरू करीन."

उज्ज्वला थांबली. मागे ओसरीवरून बोलण्याचा आवाज येत होता, आणि मध्येच अंजूचं हसणं.

"नाई देत," ती म्हणाली.

म्हातारीला ऐकू आलं नसावं. तिने हात कानाला लावला.

"नाई देत म्हटलं मी. प्रेमचं वावर सरांच्या नावानं करून राह्यले, आत्ता, तुमाले काई मागता येऊ नये मनून. सोमवारी नोंदनी हाय. सरांजवळ पैसे हायेत. किती हायेत थे मले माहीत हाय." या वाक्यांनंतर नेरच्या घराचं दार आपल्याला कोणी उघडणार नाही, हे तिला दिसत होतं. "लखन नायक घरी हाये काय?"

"हाये. बाजेवर हाये. पन कायले, बाई?"

"सह्या होयाच्या आत त्याले इथं आनलं पायजे. चला. मी येतो संगं. मी सांगतो त्याले समदं."

रुखमाबाईने तिच्याकडे बघितलं, मग रामधनच्या घराकडे. तिला अर्धं कळलं होतं, अर्धं नव्हतं. तिने उज्ज्वलाचं मनगट पकडलं, आणि दोघी नायकाच्या घराच्या दिशेने चालू लागल्या, म्हातारीला जमेल तेवढ्या वेगाने.